गिअरबॉक्स "अख्खा खोललाय" म्हणाला आणि १९,५०० घेतले

आधी आकडे. टेम्पोच्या गिअरबॉक्स दुरुस्तीचे गॅरेजवाल्याला १९,५००. घाटातून टेम्पो ओढून आणायला २,८००. सडलेला टोमॅटो ११,४००. आणि शेवटी दुसऱ्या मिस्त्रीकडे झालेली खरी दुरुस्ती ६१,३५०. बेरीज ९५,०५० रुपये. कंपनीच्या वर्कशॉपने याच कामाचं सुरुवातीला ४६,८०० चं इस्टिमेट दिलं होतं. आता "मग तिथंच का नाही केलंस?" असं विचारणाऱ्यांनी आधी स्वतःच्या खिशातून एकदम ४६,८०० काढून दाखवावेत, तेही टेम्पोचा हप्ता तोंडावर आणि माल तोडणीला आलेला असताना.

झालं असं की शेताच्या बांधावरून उतरताना गाडीचं पोट दगडावर आपटलं. गिअरबॉक्सच्या केसिंगला (बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या कवचाला) खालून तडा गेला, तेल गळत राहिलं. अंधारात ते कुणाला दिसणार? घरी येईपर्यंत बॉक्स कोरडा पडला होता आणि आतून घूं घूं आवाज सुरू झाला होता. तिसरा गिअर मध्येच निसटायला लागला. म्हणजे दुखणी दोन होती. बाहेर तडा आणि आत बेअरिंग गेलेलं. (ज्यांचा फुल इन्शुरन्स आहे त्यांनी असा मार बसल्यावर गाडी एक किलोमीटरही चालवू नका, जागेवरून टो करा. आपटल्याचं नुकसान विम्यात बसतं, पण तेलाशिवाय चालवून आतलं जे जळतं ते देताना विमावाले हात वर करतात. माझा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता विमा होता, त्यामुळे तो विषयच नव्हता.)

हायवेच्या कडेला एक गॅरेज आहे. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. तिथला मालक गाडीखाली जाऊन आला, हात पुसले आणि म्हणाला, "दादा, कंपनीवाले लुटतात. केसिंगला आर्गन वेल्डिंग मारू, बेअरिंग सगळी नवी, तिसऱ्याची सिंक्रो रिंग नवी, १९,५०० मध्ये बॉक्स नव्यासारखा." (आर्गन म्हणजे ॲल्युमिनियमला चालणारं गॅसचं वेल्डिंग. सिंक्रो रिंग म्हणजे गिअर टाकताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी कडी.) १०,००० ॲडव्हान्स, ९,५०० गाडी नेताना. बिल मागितलं तर "पक्कं बिल पाहिजे तर वर १८ टक्के जीएसटी लागेल" हे ठरलेलं उत्तर. वहीतल्या कागदावर "गिअरबॉक्स काम" एवढे दोन शब्द आणि रक्कम. तुम्हाला असा कागद कधी मिळाला नसेल तर तुम्ही महाराष्ट्रात गाडी चालवत नाही.

गाडी घ्यायला गेलो तो क्षण मला अजून झोपू देत नाही. त्याने बॉक्सवर टॉर्च मारली. खालची बाजू चकचकीत चंदेरी, नुकता स्प्रे मारलेला. "बघा, नवा वाटतोय की नाही?" वाटत होता. पण टॉर्च हलली तेव्हा इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या बोल्टांवर आमच्या शेताची वाळलेली माती तशीच चिकटलेली दिसली. बॉक्स खाली उतरवला असता तर त्या बोल्टांना पाना लागला असता आणि माती झडली असती. शिवाय बॉक्स उघडून परत बंद केला की केसिंगच्या जोडावर ताज्या सिलिकॉनची रेघ बाहेर आलेली दिसते. इथे रेघ नव्हती, जुनी धूळ होती. मग त्याने पिशवीतून "तुमच्याच गाडीची" म्हणून जुनी बेअरिंगं काढून दिली. कोरडी ठाक, गंजलेली. माझ्या बॉक्समधून निघालेली असती तर तेलाने माखलेली नसती का?

हे सगळं मी पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांसमोर होतं. पण रात्रीचे नऊ वाजलेले, पहाटे माल भरायचा, आणि समोरचा माणूस चहा पाजून "दादा, अख्खा खोललाय, दोन पोरं लागली होती" असं छातीठोकपणे सांगतोय. अशा वेळी बोल्टावरची माती कोण वाचतो? डॉक्टर वाचत असतील, वकील वाचत असतील. मी टेम्पो चालवतो.

आवाजही बंद झाला होता, हे लक्षात घ्या. तीच तर मेख आहे. माझ्या गाडीच्या पुस्तकात ८० डब्ल्यू ९० तेल सांगितलंय. त्याने १४० नंबरचं जाड तेल ओतलं होतं. जाड तेलात गेलेल्या बेअरिंगची घरघर दबते, दुखणं तिथंच राहतं. पहाटे गार गाडीत पहिला गिअर पडेना, फोन केला तर "नवीन सिंक्रो आहे, सेट व्हायला वेळ लागतो." गार असताना गिअर जड आणि गरम झाल्यावर आवाज परत, असं झालं की तेल बदलून तुम्हाला गप्प केलंय असं समजा. आणि तेल भरताना डबा बघा, डब्यावरचा नंबर बघा, फोटो काढा.

आठवडा बरा गेला. मग चिपळूणला टोमॅटो घेऊन निघालो, हेळवाक सोडून कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि भरल्या गाडीचा तिसरा गिअर निसटला. न्यूट्रलमध्ये घाट उतरणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, ज्याला नाही त्याला सांगून कळणार नाही. ब्रेक जळल्याचा वास केबिनमध्ये आला. गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली म्हणून आज हे लिहितोय. खाली तेलाचं थारोळं होतं. चंदेरी रंगाचा पोपडा सुटून लोंबत होता आणि त्याच्या आत एम-सील. वेल्डिंगचा टिपूस नाही. तेल मुरलेल्या ॲल्युमिनियमवर लांबी लिंपली होती, ती बॉक्स तापला-निवला तशी सुटत गेली.

दुसऱ्या मिस्त्रीने बॉक्स माझ्यासमोर खोलला. आतलं एकही बेअरिंग बदललेलं नव्हतं. सिंक्रो रिंग मूळचीच, घासून गुळगुळीत. कोरड्या धावण्याने आता तिसऱ्या गिअरचे दात आणि शाफ्टही गेले, म्हणून ४६,८०० चं काम ६१,३५० वर गेलं. पिशवीतली बेअरिंगं माझ्या शाफ्टवर बसतच नाहीत, भलत्याच गाडीची.

या दुसऱ्या मिस्त्रीकडून जे कळलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. लिंपण मारणं हा गुन्हा नाही. रानात अडकलात, गावापर्यंत यायचंय, तर लिंपा, तेल भरा आणि हळू या. तडा साध्या भिंतीला असेल तर वेल्डिंगही चालतं, पण त्यासाठी बॉक्स उतरवून, सगळा रिकामा करून, केसिंग धुऊन त्यातलं तेल काढावं लागतं. नाहीतर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात आणि तिथूनच पाझर सुरू होतो. तडा बेअरिंगच्या घरापर्यंत (बेअरिंग बसतं त्या खाचेपर्यंत) गेला असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने ते घर वाकडं होतं, मग केसिंगच बदला. गाडीखाली झोपून "जागेवर आर्गन मारतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

आता साहेब लोकांकडे येऊ. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणी बाब आहे." म्हटलं साहेब, न केलेल्या कामाचे पैसे घेतले, दुसऱ्याची बेअरिंगं माझी म्हणून दाखवली. ही फसवणूक नाही का? नव्या न्याय संहितेत ३१८ कलम कशाला ठेवलंय? तर म्हणाले, "कलमं आम्हाला शिकवू नका." अर्जावर शिक्का मारून घ्यायला दुपार गेली. परिवहन कार्यालयात गेलो तर गॅरेज त्यांच्या अखत्यारीत येत नाही. माझ्या टेम्पोचं रिफ्लेक्टर बरोबर येतं! घाटात ब्रेक फेल होऊन चार माणसं मेली असती तर पंचनाम्याला सगळे आले असते आणि कागदावर "चालकाचा ताबा सुटला" असं लिहून मोकळे झाले असते.

ग्राहक आयोगाच्या खिडकीवर तर कमालच. "पिवळी पाटी आहे, म्हणजे व्यावसायिक वाहन. तुम्ही ग्राहक नाही." मग मी कोण? २४ डिसेंबरला ग्राहक दिनाचे फलक लावता ते कोणासाठी? एका ओळखीच्या वकिलाने २०१९ च्या कायद्याचं पान काढून दिलं. फक्त स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या आणि वापरलेल्या वस्तूचा वापर 'व्यावसायिक' धरला जात नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. माझा टेम्पो तसाच. ते पान दाखवल्यावर तक्रार घेतली. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हेही खिडकीवर कोणी सांगितलं नाही. पिवळ्या पाटीवाल्यांनो, ते पान सोबत घेऊनच जा.

आयोगापुढे टिकण्यासारखं माझ्याकडे काय निघालं? ९,५०० ऑनलाइन दिले होते, ती नोंद. १०,००० रोख दिले, त्याचा पुरावा शून्य. पोपड्याचे फोटो, आणि दुसऱ्या मिस्त्रीने बॉक्स खोलतानाचा व्हिडिओ. पहिल्याकडे असा व्हिडिओ मागितला असता तर तो तिथंच बिथरला असता. बॉक्स द्यायच्या आधी केसिंगवर आणि बोल्टांवर ऑइल पेंटचे ठिपके मारून ठेवा, म्हणजे खोललं की नाही ते कळेल. कागदावर "गिअरबॉक्स काम" चालवून घेऊ नका, कोणता पार्ट बदलला ते एकेक लिहून घ्या.

आयोगाची नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याचा फोन आला. "दादा, ५,००० घ्या आणि मिटवा, धंदा आहे." मी म्हटलं, ९५,०५० आण आणि पक्क्या पावतीवर सही करून घेऊन जा. त्याने फोन कापला. पुढची तारीख पडली आहे.