उईच्या भिंतीवरून पाहिलेली फ्लेश वालोन

फ्लेश वालोन ही सायकल शर्यत पाहायला गेलात तर शेवटच्या रेषेपाशी गर्दी करू नका, खालच्या नागमोडी वळणावर उभे राहा. ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहते. 23 एप्रिल 2025, बुधवार. रजा टाकली आणि पुण्याहून आलेल्या बाबांना घेऊन रेल्वेनं बेल्जियममधल्या उईला पोचले. म्यूझ नदीकाठचं छोटं गाव. व्यावसायिक सायकलपटूंची ही एकदिवसीय शर्यत 1936 साली सुरू झाली आणि 1985 पासून ती गावामागच्या टेकडीवर संपते. त्या रस्त्याला म्हणतातच 'म्युर', म्हणजे भिंत. 1.3 किलोमीटरचा चढ, त्याची तीव्रता सरासरी 9.6 टक्के, आणि वळणाच्या आतल्या बाजूला तर वीस टक्क्यांच्याही वर. बोपदेव घाट मी सायकलवर कितीदा चढलेय, म्हणून मला वाटलं होतं की अंदाज आहे. इथे पायी चढतानाच दम लागला. रस्त्यावर पांढऱ्या रंगात पुन्हा पुन्हा गावाचं नाव लिहिलंय, ते वाचत वाचत वर जायचं. हा जुना यात्रेचा मार्ग, कडेनं सात चॅपल, म्हणजे छोटी प्रार्थनाघरं, आहेत. बाबा दोन ठिकाणी टेकले. म्हणाले, "म्हणजे ही यांची पर्वतीच की!"

पाऊस होता, थंडी होती. तिकीट मात्र नाही, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे उभं राहायचं. एकाच दुपारी सायकलपटू हा चढ एकापेक्षा जास्त वेळा चढतात, त्यामुळे इतक्या लांब येऊन क्षणभराचं दर्शन घेऊन परतावं लागत नाही. सुरुवातीच्या फेरीत सगळा घोळका एकत्र आला, काही जण चक्क गप्पा मारत होते. शेवटच्या वेळी मात्र कोणी बोलत नव्हतं. माझ्यापासून हातभर अंतरावरून ते गेले. हनुवटीवरून पाणी गळतंय, तोंड उघडं, आणि इतक्या आरडाओरड्यातही त्यांचा श्वास ऐकू येत होता. टीव्हीवर हा चढ सपाट दिसतो. इथे पुढचं चाक दर पॅडलला किंचित डावी-उजवीकडे वळतं, तेव्हा कळतं की पायात किती उरलंय.

तादेय पोगाचार जिंकला, केव्हिन वोकलाँ दुसरा आला. बायकांची शर्यतही त्याच दिवशी याच भिंतीवर संपते. ती पुक पीटरसेनं जिंकली. इथे आलेहांद्रो व्हालव्हेर्दे पाच वेळा जिंकलाय हे सगळे सांगतात, पण आना व्हॅन डेर ब्रेग्गेन 2015 ते 2021 अशी सलग सात वर्षं जिंकली. तिचं नाव बाबांना मी तीनदा सांगितलं.

तक्रार एकच, खाण्याची. एका गाडीवर अर्धा तास रांगेत थांबून फ्राईज घेतले, ते गार आणि मऊ पडलेले. वयस्कर माणूस बरोबर असेल तर डबा घरूनच न्या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती म्हणून निभावलं. घडीचं स्टूल, रेनकोट आणि चांगली पकड असलेले बूटही हवेत, कारण ओल्या उतारावर पाय सटकतो.

आणि विजेता गेला की निघू नका. बरेच जण लगेच खाली उतरले, आम्ही थांबलो. मागून एकेकटे सायकलपटू येत राहिले, काही जण जेमतेम चालण्याच्या वेगानं. एकाचा जर्सीचा रंगही चिखलानं ओळखू येत नव्हता. बाबांनी आयुष्यभर सायकलवर कारखाना गाठला. ते स्टुलावरून उठले आणि त्या पोराला मराठीतच ओरडून म्हणाले, "आलं, आलं, संपला चढ!"

पुढच्या एप्रिलची रजा मी आत्ताच मागून ठेवली आहे. पाचपैकी पाच.