परसबाग की स्वयंपाकाचा तास?

आठवी ते दहावीच्या पोरांना आहार शिकवायचा म्हटलं की खेड्यातल्या शाळेपुढे दोन मार्ग असतात: आवारात परसबाग लावा, नाहीतर अधूनमधून मुलांच्या हाती विळी-कढई द्या. तिसरा मार्ग जीवनसत्त्वांचा तक्ता फळ्यावर उतरवण्याचा. तो सगळीकडे चालूच आहे, मुलं परीक्षेपुरता पाठही करतात. आमच्या यवतमाळकडच्या शाळेत पहिले दोन्ही करून पाहिले, म्हणून सांगतो.

परसबागेचं कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे. पोरं कास्तकाराची, वाफे ओढायला त्यांना शिकवावं लागत नाही, उलट तीच आपल्याला सांगतात. मेथी, पालक, सांबार (म्हणजे कोथिंबीर) लवकर हाताशी येतात. मुंगण्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड एकदा धरलं की त्याच्याकडे फारसं पाहावं लागत नाही. पाला पोषण आहाराच्या वरणात जातो, आणि साहेब आले की दाखवायलाही बरं.

पण सुट्या! विदर्भात शाळा भरते जूनच्या शेवटी. पेरणी, निंदण होऊन वाफे भरतात नेमके दिवाळीच्या तोंडावर, आणि फाटकाला कुलूप लागतं. पाणी द्यायचं कोणी? शिपाई गावी, मुलं कापूस वेचायला. ऐन सुटीत गाडी काढून बादल्या ओतायला मीच जायचो, तर कुंपणाच्या फटीतून बकऱ्या माझ्याआधी हजर. मे महिन्याचं तर बोलूच नका. पारा ४५ च्या आसपास आणि बोअर कोरडी. दर जूनला पुन्हा पहिल्यापासून. या एका कटकटीनं माझं मन परसबागेवरून उतरलं. तुमच्या शाळेला बारमाही विहीर आणि राहता चौकीदार असेल, तर कदाचित तुमचं मत वेगळं होईल.

स्वयंपाकाच्या तासालाही कटकटी आहेतच. एक तास पुरत नाही, दोन जोडून घ्यावे लागतात. गॅससाठी पोषण आहाराच्या ताईंची मर्जी सांभाळावी लागते. आणि एखादे वडील येऊन विचारतातच, "सर, पोराले शिकाले धाडलं का भांडे घासाले?"

तरी मुलांच्या हाती जे उरतं ते इथेच जास्त, असं मला वाटतं. पालकाचं आळण, म्हणजे बेसन लावलेली पातळ भाजी, करताना नववीतल्या एकानं बेसन थेट उकळत्या पाण्यात सोडलं. गुठळ्याच गुठळ्या. दुसऱ्या खेपेला त्यानं ते न सांगता थंड पाण्यात कालवून घेतलं, वर लसूण-मिरचीची फोडणी दिली. मग पालकावर लिंबू का पिळायचं, जेवणावर लगेच चहा का नको, हे सांगायला तक्ता लागला नाही: लिंबानं अंगी लोह लागतं, चहा ते अडवतो. शाळेत मिळणारी आठवड्याची लोहाची निळी गोळी चहासोबत घेणाऱ्या मुली तेव्हाच बोलत्या झाल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. ही गोष्ट आमच्या वर्गात वेगळी सांगावी लागत नाही.

शिवाय नववीत गेलं की शाळेचा पोषण आहार बंद. तिथून पुढे डबा किंवा टपरीवरची पुडी. स्वतःला चार घास रांधता आले तर त्याच वयात कामी येतात.

सुरुवात जुलैत करा. बांधावर कोवळा तरोटा (टाकळ्याची रानभाजी) फुकट मिळतो, तो खुडून आणायला मुलं एका पायावर तयार असतात. भांडी घासायची पाळी मात्र पहिल्याच दिवशी लावा, आणि आधी मुलग्यांची, मुलींची नंतर.