छातीचा एचआरसीटी: पुण्यातील एका तपासणी केंद्राचा अनुभव

आईला पूर्वी क्षयरोग होऊन गेलेला असल्याने आणि रोज सकाळी घट्ट, पिवळसर कफ पडत असल्याने ब्रॉन्किएक्टॅसिसच्या (श्वासनळ्या कायमच्या रुंदावण्याच्या आजाराच्या) शंकेवरून तिचा एचआरसीटी (फुप्फुसांची बारकाईने चित्रे घेणारा सीटी स्कॅन) आधी एकीकडे करून झाला होता. त्या अहवालात ‘दोन्ही फुप्फुसांत बदल’ यापलीकडे काहीच नसल्यामुळे छातीरोगतज्ज्ञांनी दुसऱ्या केंद्राकडे पाठवले. (भारतातील २,१९५ रुग्णांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत या आजाराचे सर्वाधिक आढळलेले कारण क्षयरोगच होते, तेव्हा केंद्रांना हे रुग्ण नवखे नसावेत.)

येथील तंत्रज्ञाने टेबलावर झोपवण्याआधी श्वास रोखण्याचा सराव करून घेतला, आईला खोकल्याची उबळ आली तेव्हा कफ पडेपर्यंत तो थांबला आणि नंतर पूर्ण श्वास सोडलेल्या स्थितीतील चित्रेही काढली. ही जादा चित्रे मला सर्वांत मोलाची वाटतात, कारण फुप्फुसात अडकून राहिलेली हवा त्यांतच नीट दिसते. आणि स्पायरोमेट्रीतील (फुंकून करायच्या श्वासचाचणीतील) एफईव्ही-१, म्हणजे जोरात श्वास सोडताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचा आकडा, का घटला, याचा उलगडा नळ्यांच्या नुसत्या रुंदीपेक्षा ही अडकलेली हवा आणि नळ्यांच्या भिंतींची जाडी यांवरून अधिक होतो.

अहवालात फुप्फुसाच्या बाधित खंडांची (मोठ्या भागांची) नावे, रुंदावलेल्या नळ्या दंडगोलाकार आहेत की पिशवीसारख्या, कफाचे बूच कोठे बसले आहेत आणि वरच्या खंडातील क्षयाचे जुने व्रण, असे सारे स्वतंत्रपणे नोंदवले होते. तीव्रता ठरवण्याच्या, २०१४ साली मांडलेल्या फेस्ड आणि बीएसआय या दोन्ही पद्धतींत बाधित खंड, एफईव्ही-१ आणि स्यूडोमोनास या जंतूचा ठिय्या एकत्रच मोजला जातो; त्यामुळे खंडांची मोजदाद नसलेला अहवाल डॉक्टरांच्या फारसा उपयोगी पडत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याने ‘स्कॅनमध्ये इन्फेक्शन कळेलच, थुंकी कशाला तपासायची’ असे सहज सांगून टाकले. कफाचे बूच किंवा बारीक गाठी पाहून संसर्गाची शंका घेता येते हे खरे, परंतु जंतू कोणता आणि त्यावर कोणते प्रतिजैविक चालेल, हे थुंकीच्या कल्चरशिवाय (त्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्याशिवाय) ठरत नाही. ती तपासणी आम्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरून दुसरीकडे केली.

शुल्क पहिल्या केंद्रापेक्षा थोडे अधिक आहे, अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळतो आणि चित्रांची डिस्क मागितल्याशिवाय देत नाहीत. ती आवर्जून मागून घ्यावी.