शेवटचे तीस फूट: ए ३२० ॲड-ऑन, आठ महिन्यांनंतर

दिवाळीच्या सेलमध्ये साडेतीन हजार मोजून कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी हे एअरबस ए ३२० विमानाचं ॲड-ऑन घेतलं आणि जानेवारीत त्याला रागारागाने एक स्टार देऊन टाकला होता. तो आज मागे घेतोय, चार करतोय. पाचवा कुठे अडलाय ते खाली येईलच.

कॉकपिट, आवाज, एमसीडीयू (उड्डाणाची माहिती भरायचा की-पॅड) झकास आहेत, त्याबद्दल सगळीकडे वाचलं असेलच. माझं भांडण शेवटच्या तीस फुटांशी होतं. आधी वापरलेल्या फुकटच्या विमानांत मी लोण्यासारखा उतरायचो. विमान मिनिटाला किती फुटांच्या वेगाने टेकलं ते दाखवणारं एक छोटं ॲप आहे. त्यात ८० च्या खाली आकडा आला की स्क्रीनशॉट ठरलेला. या विमानात आकडे यायला लागले ३५०, ४१०, एकदा तर ५२०. नाहीतर टेकता टेकता पुन्हा वर उडायचं आणि अर्धी धावपट्टी संपवायचं. शेजारच्या खोलीतून अण्णांचा आवाज यायचा, "कामून आपटायलास रे?" बायकोचा हिशेब वेगळा: एवढ्यात मुंबईचं खरं तिकीट आलं असतं.

ॲड-ऑनवाल्यांना व्हिडिओसकट मेल केला. नऊ दिवसांनी एका ओळीचं उत्तर: कंट्रोलर तपासा. त्याच संध्याकाळी तो एक स्टार दिला.

मार्चमध्ये जॉयस्टिक इतकी बिघडली की हात न लावता सेटिंगमधली, काठी कुठे आहे ते दाखवणारी रेघ थरथरायला लागली. वॉरंटी संपून १९ दिवस झालेले. सर्व्हिस सेंटरने मूळ खोकं, बिल आणि पुण्यापर्यंतचं कुरियर मागितलं, वर दुरुस्तीचा अंदाज सांगितला तो नव्या जॉयस्टिकच्या निम्मा. तीन फोन झाले, प्रत्येक वेळी वेगळा माणूस, पहिल्यापासून तीच कहाणी. शेवटी इथल्याच, छत्रपती संभाजीनगरातल्या पैठण गेटजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने उघडली, आतली धूळ बघितली आणि विचारलं, "भाऊ, कुलरसमोर ठेवता का?" ठेवतोच, इथल्या उन्हाळ्यात दुसरीकडे बसणार कुठे! काठीची हालचाल मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दीडशे रुपये घेतले. घरी येऊन पहिलंच लँडिंग २४०.

म्हणजे ते एका ओळीचं उत्तर बरोबर होतं. कबूल करायला दोन आठवडे गेले.

पण सगळा दोष धुळीचाही नव्हता. कुठल्याशा व्हिडिओत बघून मी सेन्सिटिव्हिटीची रेघ उणे ६० वर वाकवून ठेवली होती. त्यामुळे काठी थोडी ओढली तर काही होत नाही, जरा जास्त ओढली की नाक एकदम वर. रेघ सरळ केली. आणि मग, विमान घेतल्यावर पाच महिन्यांनी, त्याचं मॅन्युअल उघडलं. टेकण्याआधी नाक जरा उचलून उतरण्याचा वेग कमी करतात, त्याला फ्लेअर म्हणतात. एअरबस ५० फुटांवर फ्लेअर मोडमध्ये जातं आणि तेव्हाचा नाकाचा कोन लक्षात ठेवतं. ३० फुटांपासून कॉम्प्युटर स्वतःच नाक हळूहळू खाली दाबायला लागतो, आठ सेकंदांत क्षितिजाखाली २ अंशांपर्यंत जाईल अशा बेताने. हेतू एवढाच, की साध्या विमानात जशी काठी ओढून धरावी लागते तशी इथेही पायलटला धरावी लागावी. मी नुसता वाट बघत बसायचो, नाक खाली जायचं, घाबरून हिसका द्यायचो, वर जॉयस्टिकची थरथर. २० फुटांना "रिटार्ड" (लिव्हर मागे घ्या) ऐकूनही इंजिनाचे लिव्हर मागे घ्यायला उशीर करायचो, तोवर इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रस्ट इमानदारीत वेग धरून ठेवायचा. मग विमान तरंगणार नाही तर काय करणार?

मे महिन्यात पुन्हा शंका आली. मुंबईत नीट उतरायचं, चिकलठाण्याला, म्हणजे आमच्या गावच्या विमानतळावर, दुपारी उतरवलं की लांबायचं. हवामान लाइव्ह ठेवलेलं, बाहेर ४२ अंश. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० फूट उंच. तिथे त्या तापमानाची हवा इतकी विरळ होते की पडद्यावर १३५ नॉट दिसत असताना विमान प्रत्यक्षात १४६ ने चाललेलं असतं. मुंबईत २८ अंशाला तेच १३८. वारा धरला नाही, तरी तीन अंशांच्या उतारावर खाली येण्याचा वेग मिनिटाला चाळीसेक फुटांनी वाढतो. आणि १४६ नॉट म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. चार सेकंद तरंगलात की ३०० मीटर धावपट्टी गेली. हे सगळं त्या ॲड-ऑनमध्ये होतं आणि मी त्याला बग म्हणत होतो!

एका रविवारी मुकुंदवाडीत काम होतं, तिथून खरी विमानं उतरताना बघत थांबलो. तीन बघितली. लोण्यासारखं एकही नाही. चाकं टेकताच धूर, एक ठसका, की लगेच पंखावरचे स्पॉयलर (पंखाची उचल मोडणाऱ्या फळ्या) उभे. चाकांवर वजन पडल्याशिवाय ते पूर्ण उघडत नाहीत आणि ते उघडल्याशिवाय ब्रेकला नीट पकड मिळत नाही. ओल्या धावपट्टीवर तर पायलट मुद्दामच जरा घट्ट टेकवतात, म्हणजे टायर पाण्यावर तरंगत नाहीत. घरी आल्यावर ते ॲप काढून टाकलं. आता आकड्याऐवजी टेकण्याच्या जागेच्या पट्ट्या बघतो. त्यांच्यात उतरलो तर २०० असो की २५०, चालतंय.

आता पाचवा स्टार. जुलैत पावसात रोज उडवतोय. आडवा वारा असला की टेकल्यानंतर नाक वाऱ्याकडे इतक्या जोरात वळतं, जसं विमान नाही, पतंगच. ६० टनांचा ऐवज असा वळेल हे मला पटत नाही. पेडल पूर्ण दाबूनही धावपट्टीच्या मधल्या रेघेवर राहत नाही. आणि धावपट्टी ओली आहे की कोरडी, हे ब्रेकवरून कळतच नाही. दोन अपडेट आले, दोन्हींत फक्त केबिनच्या लाइटा बदलल्या. याचा मेल पुन्हा केलाय. या वेळी रेघ थरथरत नाही याचा फोटोही जोडलाय, म्हणजे तेच उत्तर परत यायला नको.

घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फ्रेम्स (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) वीसच्या खाली जात असतील तर फ्लेअरला हात लावूच नका, काठी ओढल्यानंतर विमान ऐकेपर्यंत तुम्ही खाली असता. माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर मुंबईत कधीकधी हे होतं, म्हणून मी बहुतेक चिकलठाणा नाहीतर नांदेडच धरतो. आणि यूपीएस ठेवा. परवा दोनशे फुटांवर लाइट गेली.

चुंबकीय हॉल सेन्सरची (आत घासणारा भाग नसलेली) जॉयस्टिक घ्या, असं सगळे सांगतात. सात हजार म्हणतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा २८० ला मिळाला, तो टेबलाखाली ठेवलाय. कुलरही सरकवलाय.