कंदीलपुष्पासाठी क्लिपची मॅक्रो लेन्स: अर्धं काम चोख, अर्धं अडलेलं

मोबाइलवर चिमट्यासारखी बसणारी, १५एक्स छापलेली लेन्स सेरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्पाच्या प्रजाती, ओळखायला पुरते का? पाकळ्यांपर्यंत पुरते, पुढे नाही.

कंद उकरून बघायचा नसतो, म्हणून सगळी भिस्त फुलावर. टोकाशी जुळून पिंजरा करणाऱ्या पाच पाकळ्या, त्याखालची नळी आणि नळीच्या बुडाच्या फुग्यात दडलेलं तोरण (कोरोना, म्हणजे दातेरी कडं), अशा तीन जागा बघायच्या. पाकळ्यांच्या कडांचे केस, हिर्सुटा या प्रजातीच्या देठापानांवरची लव, ओक्युलाटा प्रजातीचे डोळ्यांसारखे डाग हे सगळं या लेन्समधून स्वच्छ येतं. अटेन्युएटा प्रजातीच्या लांब, निमुळत्या पाकळ्यांना तर लेन्सही लागत नाही.

अडतं ते तोरणापाशी. बाहेरचे दाते दुभंगलेले की अखंड, आतले सरळ की टोकाला वाकलेले, यावर जवळच्या प्रजाती वेगळ्या होतात. आणि हा सगळा कारभार जेमतेम काही मिलिमीटरचा. लेन्सचा फोकस मिलिमीटर-दोन मिलिमीटरच धरतो, त्यामुळे दात्यांची टोकं नीट आली की बूड पुसट होतं. त्यात कासच्या पठारावरचा सप्टेंबरचा वारा! फूल झुलतं आणि दहातले आठ फोटो वाया जातात. देठ दोन बोटांत हलकेच धरा, बर्स्ट (एका दमात अनेक फोटो घेणारा मोड) लावा. फोन आपणहून दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो, म्हणून मुख्य कॅमेरा आधी लॉक करा. जाड कव्हरवर क्लिप तिरकी बसते, मग फोटोची एक कड कायम धूसर. कव्हर काढूनच लावा.

तोरणासाठी ताजं फूल फाडू नका. गळायला आलेलं घ्या, फुगा ब्लेडने उभा चिरा, सुकलेला असेल तर थेंबभर पाण्यात मिनिटभर भिजवा आणि १०एक्सच्या घडीच्या भिंगाखाली बघा. हे भिंग डोळ्याला टेकवायचं आणि फूल अडीच सेंटिमीटरवर आणायचं. २०एक्स घेऊ नका. अंतर निम्म्यावर येतं आणि स्वतःचीच सावली पडते.

मोजमाप या लेन्समधून होत नाही, कारण अख्खी नळी चौकटीत मावतच नाही. आधी लेन्स काढून, शेजारी १० रुपयांचं नाणं धरून एक फोटो घ्या; नाणं २७ मिलिमीटरचं आहे. झाड ताठ आहे की वेल, तेही त्याच फोटोत येऊ द्या. लोकेशन मात्र बंद ठेवा, कंद उपटणारेही फोटो बघतात.

घ्यायची तर घ्या, पण आधी भिंग.