हृदयाला पेशींचं ठिगळ: कोणतं काय देतं?

घरातल्या माणसाचं पंपिंग वीस टक्क्यांवर येतं, गोळ्या वाढवूनही दम कमी होत नाही, आणि रात्री मोबाइलवर शोधता शोधता 'प्रयोगशाळेत वाढवलेल्या हृदयाच्या तुकड्या'ची बातमी सापडते. अशा घरांसाठी हे लिहितो आहे. बातम्या एकसारख्या वाटल्या तरी उपाय वेगवेगळे आहेत. प्रत्येकाबाबत आधी हे विचारा: लावलेल्या पेशी स्वतः आकुंचन पावून हृदयाला जोर देणार, की फक्त रसायनं स्रवून थकलेल्या स्नायूला आधार देणार?

जपानमधल्या ओसाकात आधी दुसरा, म्हणजे फक्त रसायनांच्या आधाराचा, मार्ग धरला गेला. रुग्णाच्याच मांडीतून स्नायू काढायचा, त्याच्या पेशींचा पातळ पापुद्रा वाढवायचा आणि तो हृदयावर ठेवायचा. पापुद्रा ज्या प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवतात ती खास असते: तापमान उतरवलं की पापुद्रा न फाटता आपोआप सुटतो. पेशी स्वतःच्याच असल्यामुळे शरीर त्या नाकारत नाही, हा मोठा फायदा. पण मांडीचा स्नायू हृदयाच्या विद्युतलयीत सामील होत नाही. 'हार्टशीट' नावाच्या या उपचाराला २०१५मध्ये सशर्त मान्यता मिळाली. पुढे परिणामकारकता सिद्ध झाली नाही, आणि २०२४मध्ये तज्ज्ञ समितीने कायम मान्यतेच्या विरोधात मत दिलं.

त्याच ओसाकाचा पुढचा टप्पा म्हणजे आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी प्रयोगशाळेत पुन्हा मूळ अवस्थेत नेल्या की मिळणाऱ्या, कुठल्याही अवयवाच्या बनू शकणाऱ्या पेशी) बनवलेल्या हृदयपेशींचा पापुद्रा. पहिलं रोपण जानेवारी २०२०मध्ये झालं. या पेशी बशीत धडधडतात, तरी रोपणानंतरचा फायदा मुख्यतः स्रावांमुळेच होतो असं मानलं जातं. चाचणीत आठ रुग्ण होते. आठ जणांवरून धोका थोडाफार कळतो, आयुष्य किती वाढेल ते कळत नाही.

जर्मनीत ग्योटिंगेनच्या वोल्फ्राम-ह्युबर्टुस झिमरमान यांच्या गटाने पहिला, म्हणजे स्वतः जोर देणाऱ्या पेशींचा, मार्ग घेतला. हृदयपेशी आणि आधार देणाऱ्या पेशी कोलॅजन या प्रथिनात मिसळून जाड, आकुंचन पावणारं ठिगळ बनवायचं. आधी माकडांवर प्रयोग झाले: हृदयाची भिंत जाड झाली, लय बिघडली नाही. मग एका रुग्ण महिलेच्या हृदयावर ४० कोटी पेशींची ठिगळं बसवली. तीन महिन्यांनी तिला दात्याचं हृदय मिळालं. काढलेलं जुनं हृदय तपासलं, तेव्हा ठिगळातल्या पेशी जिवंत होत्या आणि त्यांच्यापर्यंत रक्तवाहिन्या पोचल्या होत्या. हे २०२५मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलं. पेशी टिकतात याचा मानवी हृदयातला असा डोळ्यांना दिसणारा पुरावा मला फार मोलाचा वाटतो. मात्र पेशी परक्या, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच ठेवावी लागतात. आधीच अशक्त, वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या माणसाला हे झेपेल का, हे डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

हृदयपेशींचे छोटे गोळे सुईने थेट स्नायूत सोडण्याचा मार्गही जपानमध्ये तपासला जातो आहे. त्यात ठोक्यांच्या लयीवर बारीक नजर ठेवावी लागते.

विज्ञान म्हणून मी जर्मन ठिगळाच्या बाजूने आहे. पण आज घरातल्या माणसासाठी ठरवायचं असेल, तर हृदय प्रत्यारोपण किंवा एलव्हॅड पंप (हृदयाला जोडून रक्त ढकलणारं यंत्र) हेच पुढे ठेवीन. 'हार्टमेट ३' या एलव्हॅड पंपाच्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी शंभरातले सुमारे ५८ रुग्ण हयात होते. ठिगळांकडे असा आकडा अजून नाही.

भारतात कोणी पैसे घेऊन 'स्टेम सेलने हृदय बरं करतो' म्हणत असेल, तर तिथून उठा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयासाठी असा उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतो. चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा.

आणि महाराष्ट्रात असाल तर प्रत्यारोपण केंद्रामार्फत झेडटीसीसीच्या (अवयववाटप पाहणाऱ्या विभागीय समन्वय केंद्राच्या) यादीत नाव घालायला उशीर करू नका. जर्मनीतल्या त्या रुग्णालाही शेवटी दात्याचंच हृदय लागलं.