विकिपीडिया : रोजचा वापर, तरी ५ पैकी ३ स्टार

आधीच सांगते, माझं विकिपीडियाशी काही वैर नाही. आठवी-नववीला विज्ञान शिकवते, उद्याच्या तासाला काय घ्यायचं ते रात्री साडेदहाला ओटा आवरून झाल्यावर बघायची सवय, आणि त्या वेळेला फुकटात, जाहिरातींशिवाय, साध्या फोनवर पटकन उघडणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. मूलद्रव्यं, ग्रहणं, लशी, यासाठी डोळे झाकून पाच स्टार. हा रिव्ह्यू एकाच गोष्टीपुरता आहे, बायका शास्त्रज्ञ शोधायला गेलात तर काय हाती लागतं.

झालं असं की २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला व्हरांड्यात शास्त्रज्ञांचे तक्ते लावायचे होते, मी डोक्यात आली ती बारा नावं लिहून प्रिंटला दिली आणि नववीतल्या एका मुलीने तिथेच विचारलं, मॅडम, यात बाई एकच? एकच होती, मेरी क्युरी. ही चूक माझी, विकिपीडियाची नाही. पण मग त्या रात्री शोधायला बसले ते दीड वाजला.

डॉना स्ट्रिकलंड घ्या. लेझरचा स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा, मग परत दाबायचा ही युक्ती तिने आणि जेरार मुरूने १९८५ मधे मांडली, २०१८ ला दोघांना फिजिक्सचं नोबेल मिळालं. मुरूसाहेबांचं पान आधीपासून होतं. बाईंचं नोबेल जाहीर होईपर्यंत नव्हतंच. कोणी लिहिलं नव्हतं अशातला भाग नाही, त्याच वर्षी एकाने मसुदा पाठवला होता, तो मे महिन्यात परत आला, का तर या व्यक्तीवर पान व्हावं इतके संदर्भ नाहीत. बाई तोवर अमेरिकेतल्या ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होऊन गेलेल्या!! ऑक्टोबरमधे नोबेल आलं आणि त्याच दिवशी पान आलं. म्हणजे नोबेल मिळाल्याशिवाय 'उल्लेखनीय' नाही, असंच ना?

आता कोण 'उल्लेखनीय' ते ठरवणारा विकिपीडियाचा नियम मी वाचलाय आणि खरं सांगायचं तर नियम चुकीचा नाही. स्वतःच्या मनाने लिहायचं नाही, त्या माणसावर तिऱ्हाईताने कुठेतरी छापलेलं पाहिजे. गोची तिथेच आहे. पेपरवाल्यांनी ज्यांच्यावर लिहिलं नाही, ज्यांच्या सत्काराची बातमी आली नाही, त्यांना संदर्भ आणायचा कुठून, आणि हे लिहिणारे-तपासणारे बहुतेक सगळे पुरुषच. २०२१ च्या एका अभ्यासात दिसलं की इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांमधे बायकांची शेकडा १९ सुद्धा नाहीत, पण 'हे पान उडवा' म्हणून जी चरित्रं पुढे केली जातात त्यात मात्र बायकांची शेकडा २५. क्लॅरिस फेल्प्स, अमेरिकेतल्या ओक रिजच्या सरकारी लॅबमधे ११७ वं मूलद्रव्य बनवायला लागणारं बर्केलियम (हेही एक मूलद्रव्यच) शुद्ध करणाऱ्या टीममधली, तिचं पान २०१९ मधे उडवलं आणि पुढच्या वर्षी परत आणलं. ते पान लिहिणारी जेस वेड, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधली फिजिक्सवाली, २०१८ पासून जवळजवळ रोज एक चरित्र लिहीत आलीये. पगार नाही, काही नाही. मला दोन प्रगतिपुस्तकांचे शेरे लिहून हात दुखतो.

बरं आपल्याकडचं बघा. कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत. १९३३ मधे मुंबईहून बीएस्सी पहिल्या नंबराने, बंगळुरूला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे अर्ज केला तर बाई आहे म्हणून नाही म्हणाले, आणि नाही म्हणणारे कोण तर सर सी. व्ही. रामन, ज्यांच्या शोधाच्या तारखेला आपण विज्ञान दिन करतो तेच. या हटल्या नाहीत, समोर जाऊन बसल्या, मग वर्षभर बघू, रात्रीबेरात्री गाइड सांगेल तसं काम करावं लागेल, इतरांचं लक्ष विचलित होता कामा नये, असल्या अटींवर आत घेतलं. १९३९ ला केंब्रिजची पीएचडी, सायटोक्रोम सी वर, म्हणजे पेशींच्या श्वसनात लागणाऱ्या एका प्रथिनावर. पुढे मुंबईत नीरेवर काम. त्यांना सगळीकडे 'विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री' लिहितात, पण जानकी अम्मल यांना मिशिगनने १९३१ लाच डॉक्टरेट दिली होती, वनस्पतीशास्त्रात. पहिली कोण यावर मी भांडणार नाही, दोघींचे तक्ते केले. कमलाबाई रामनसाहेबांच्या बरोब्बर शेजारी, मुद्दाम.

एक टिप, लेखाच्या वर 'इतिहास पहा' असतं ते दाबा. कोणी कधी काय घातलं, काय काढलं, सगळं ओळीने दिसतं, वाढवलेलं हिरव्या आकड्यात, कापलेलं लाल. छापील ज्ञानकोशात संपादकांनी कोणाला गाळलं ते आपल्याला कधी कळत नाही, इथे भांडणसुद्धा वाचायला मिळतं, हा मोठा प्लस पॉइंट. मराठी विकिपीडियावर मात्र लेख तोकडे, इंग्रजीच्या पासंगालाही पुरत नाहीत, आणि लाल दुवे दिसतात ते म्हणजे पानच नाही. अर्थात तिथेही 'संपादन' बटण माझ्याच फोनवर आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत रोहिणी गोडबोल्यांचं पान नीट वाचून बघायचंय, आपल्या पुण्याच्या, हुजूरपागेच्या, कणभौतिकीवाल्या, आणि 'लीलावतीज डॉटर्स' हे भारतीय शास्त्रज्ञ बायकांवरचं पुस्तक त्यांच्याच संपादनातलं. संदर्भ हवा संदर्भ हवा करतात ना, त्या एका पुस्तकात शंभराच्या आसपास बायका आहेत.

तीन स्टार. देणगीचा पिवळा-निळा डबा वर आला की पैसे मात्र देते, दरवर्षी.